सी फॉर कपबशी

माणसाला रोग व्हायचाच असेल तर तो चारचौघांत सांगता येण्याजोगा तरी व्हावा. रक्तदाब घ्या. किती खानदानी रोग! लग्नाच्या पंगतीत लोणच्याला हात आडवा करून "मला बीपी आहे हो" एवढे म्हटले, की वाढणारा अदबीने पुढे सरकतो आणि शेजारचा गृहस्थ "माझं एकशे साठ असतं" असे सांगून लगेच सोयरीक जोडतो. मधुमेहाचे तर विचारूच नका. जिलबी नाकारणारा मधुमेही आणि "एकीनं काही होत नाही" म्हणून आग्रह करणारा यजमान ह्या जोडीवाचून आपल्याकडे मंगलकार्य पार पडल्याचे मला स्मरत नाही. आणि हृदयविकार म्हणजे तर पदवीच. बायपास झालेला माणूस शर्टाचे वरचे बटण कधी लावत नाही. ह्या मानकऱ्यांच्या मेळाव्यात जाऊन मी एकदा म्हणालो, "मला हिपॅटायटिस सी झाला होता." मेळावा तीन पावले मागे सरकला. त्यातल्या एकाने तर हातातली भजी खाली ठेवली. माझ्या बशीतली नव्हे, स्वतःच्या बशीतली!

गोष्ट २०१९ सालची. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. वर्तमानपत्रातले मथळे दिसायचे आणि बातम्या दिसायच्या नाहीत, आणि त्यामुळे मनःस्वास्थ्य एकंदरीत उत्तम होते. पण आमच्या हिने हट्ट धरला आणि मी एका दवाखान्यात नाव घातले. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासतात. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आणायला गेलो, तर बाकावर वीसएक माणसे डोळ्यांत औषध घालून वर बघत बसलेली. रिसेप्शनवरच्या मुलीने खणखणीत आवाजात पुकारा केला, "काका, तुमचं सी पॉझिटिव्ह आलंय!"

मला प्रथम बरे वाटले. आयुष्यभर मला परीक्षेत सीच्या वर काही मिळालेले नव्हते, आणि पॉझिटिव्ह हा शब्द चांगलाच असणार. पण डोळ्यांत औषध घातलेल्या त्या वीस माणसांनी माना खाली करून, पाझरत्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिले, तेव्हा मामला निराळा आहे हे ध्यानात आले.

मग आतल्या खोलीत मला सांगण्यात आले, की तुमचा नंबर सगळ्यांत शेवटी. का? तर तुमच्यानंतर हत्यारे नीट निर्जंतुक करावी लागतील. थोड्या वेळाने तेही बदलले. "आमच्याकडे तशी सोय नाही, मोठ्या हॉस्पिटलात जा" असा निरोप आला. मी साधा कारकून माणूस. वाद घालायची सवय नाही, फायलीवर शेरा मारायची आहे. पण त्या दिवशी एक शेरा डोक्यात आला तो आजतागायत गेलेला नाही. माझ्यानंतर हत्यारे नीट निर्जंतुक करणार म्हणजे माझ्याआधीच्या एकोणीस जणांनंतर नीट करीत नाहीत की काय? अहो, ज्याला आपल्याला काय झाले आहे हे ठाऊक आहे त्याच्यापासून कसली भीती? भीती ज्याला ठाऊक नाही त्याची. आणि ठाऊक नसलेल्यांची संख्या फार मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे, २०२२ साली आपल्या देशात हा विषाणू अंगात बाळगणारे सुमारे ५५ लाख लोक होते. त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नाही. म्हणूनच वैद्यकाचा साधा नियम असा आहे, की समोरचा प्रत्येक माणूस रोगी आहे असे धरूनच हत्यार उकळावे. हा नियम पाळणाऱ्याला माझा नंबर पहिला असला काय आणि शेवटचा असला काय, सारखेच. न पाळणाऱ्याच्या दवाखान्यात मात्र माझ्या आधीच्या एकोणीस जणांनीच पळून जायला हवे होते.

घरी आलो. बातमी माझ्या आधी पोचली होती. पहिला प्रश्न आमच्या मोठ्या ताईच्या यजमानांनी, म्हणजे भाऊजींनी विचारला. "काय शालक, आम्हांला न सांगता घ्यायला केव्हापासून लागलात?"

वाचकहो, मी आयुष्यात एकदाच बियर प्यालो. तीही लिंबू सरबत समजून, एका सहकाऱ्याच्या निरोपसमारंभात. पण आपल्याकडे लिव्हर बिघडले म्हणजे माणूस पिणारच, हा न्याय पक्का आहे. दारूने यकृत खराब होते हे खरे, आणि हा विषाणू असताना दारू घेणे म्हणजे आगीत तेल हेही खरे. पण हा विषाणू बाटलीतून येत नाही. तो रक्तातून रक्तात येतो.

माझ्या अंगात तो कुठून आला असावा ह्याचा मी बसून तपास केला. संशयित दोन. पहिला संशयित आमच्या लहानपणच्या गावातला कंपाउंडर. स्टोव्हवर एक चपटी स्टीलची डबी, तिच्यात उकळत्या पाण्यात काचेची सिरिंज आणि दोनतीन सुया. सकाळी पहिल्या रोग्यासाठी पाणी खळखळ उकळायचे. दहाव्या रोग्याच्या वेळी कोमट व्हायचे. पंधराव्याच्या वेळी रॉकेल वाचवायला स्टोव्ह बंद. सुई पुसायला स्पिरिटचा बोळा, तो मात्र सर्वांना समान, लोकशाही पद्धतीने. तरीही मी त्या कंपाउंडरला दोष देणार नाही, कारण त्याला इंजेक्शन द्यायला लावणारे आम्हीच होतो. डॉक्टर गोळ्या देऊन परत पाठवू लागले की आमची आजी म्हणायची, "सुई नाही टोचलीत? मग पैसे कशाचे?" सर्दीला सुई, तापाला सुई, परीक्षेच्या आधी अशक्तपणाची लालभडक सुई. जो डॉक्टर सुई टोचत नाही त्याचा हातगुण नाही, आणि जो दोन टोचतो तो धन्वंतरी! आजही ह्या श्रद्धेत फरक पडलेला नाही. सलाईन लावल्याशिवाय ज्यांना दवाखान्यात गेल्यासारखे वाटत नाही असे सुशिक्षित लोक माझ्या ओळखीत डझनाने आहेत.

ही अंधश्रद्धा किती महाग पडते ते इजिप्तला विचारावे. नाईलच्या काठच्या शेतकऱ्यांना बिल्हार्झिया नावाचा कृमिरोग फार. सरकारने १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत गावोगाव इंजेक्शनांची मोहीम चालवली. हेतू सोन्यासारखा, पण सिरिंजा काचेच्या, त्याच त्याच आणि घाईने धुतलेल्या. एक रोग हटवताना दुसरा घरोघर वाटला गेला, आणि जगात हिपॅटायटिस सीचे प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या देशांत इजिप्तचे नाव लागले.

दुसरा संशयित अधिक वजनदार आहे. नंबर लावून कित्येक वर्षांनी स्कूटर मिळाली ती १९८३ साली, आणि मिळाल्यापासून आठव्या दिवशी मी तिच्यासकट एका चरात उतरलो. मांडीचे हाड मोडले, ऑपरेशन झाले, रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. त्या काळी पैसे घेऊन रक्त विकणारे धंदेवाईक दाते सर्रास असत. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि १९९८ पासून तो धंदा बंद झाला. पण १९८३ साली रक्तपेढीने कितीही मनावर घेतले असते तरी तिला ह्या विषाणूची तपासणी करता आलीच नसती, कारण तेव्हा त्याला नावसुद्धा नव्हते!

नावाची कथा मोठी गमतीची आहे. काविळीचे ए आणि बी असे दोन विषाणू सापडले होते. तरी रक्त घेतलेल्या काही लोकांना ए नसताना आणि बी नसताना यकृताची सूज येई. मग त्या रोगाला शास्त्रज्ञांनी नाव दिले, 'ए-नाही-बी-नाही'. म्हणजे बारशाला आत्याबाईंनी पाळण्यात "राम नाही, गोविंद नाही" असे म्हणून कुर्रर्र करावे तसे. असा हा निनावी पाहुणा अखेर १९८९ साली ओळखला गेला आणि त्याला सी हे अक्षर मिळाले. त्या कामासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हाउटन आणि चार्ल्स राइस ह्या तिघांना २०२० साली नोबेल मिळाले. आपल्याकडे दान केलेल्या रक्ताची ह्या विषाणूसाठी तपासणी सक्तीची झाली ती ह्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. त्याआधी ज्यांच्या अंगात परक्या रक्ताची बाटली गेली त्यांनी सोडतीचे तिकीट काढले होते, एवढेच समजावे.

बरे, पाहुणा इतकी वर्षे राहिला तरी कळला कसा नाही? तर यकृत हा अवयव म्हणजे जुन्या घरातली मोठी सून. कितीही जाच झाला तरी तोंडातून ब्र काढायची नाही. वीस-वीस, तीस-तीस वर्षे ती निमूटपणे राबते, आणि एके दिवशी कोसळते तेव्हा सिरॉसिस किंवा कर्करोग झालेला असतो. तोवर ना ताप ना पिवळे डोळे.

पण हे सगळे मी लोकांना सांगेपर्यंत उपाय येऊन थडकले होते. कुणी डोक्यावर ठेवायची काविळीची माळ आणली. ही माळ दिवसेंदिवस लांब होते आणि पायापर्यंत उतरली की कावीळ उतरली. कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुणाऱ्या बुवाचा पत्ता दिला. त्याच्याकडे पाणी पिवळे होते आणि खिसा पांढरा होतो. कुणी उसाच्या रसाचा रतीब सुचवला. मी हात जोडून सांगत होतो की मला कावीळ झालेलीच नाही. पाण्यातून, उघड्यावरच्या अन्नातून येते ती ए आणि ई जातीची कावीळ. ती बहुतेकांची आपोआप बरी होते, आणि त्या आपोआपाचे श्रेय माळेला नि बुवाला मिळते. सीला माळेचे काही सोयरसुतक नाही. पण आपल्या भाषेत शब्द एकच, कावीळ. त्यामुळे पाण्यातून येणाऱ्या रोगाची सगळी शिवाशिव रक्तातून येणाऱ्या रोगाच्या डोक्यावर बसली.

आणि तिथेच कपबशीने प्रवेश केला.

दिवाळीत ताईकडे गेलो. सगळ्यांना पांढऱ्या कपांतून चहा आला, मला हिरव्या पानांच्या नक्षीच्या कपातून. मला वाटले, धाकटा भाऊ म्हणून मान. पुढच्या खेपेला पुन्हा तोच कप. चहा झाल्यावर मी तो उचलून मोरीकडे निघालो तर ताई म्हणाली, "राहू दे, राहू दे, तो मी वेगळा ठेवते." असे म्हणून तिने जीभ चावली. मग सारवासारव केली, "तुझी नजर कमी ना, तुला ओळखू यावा म्हणून."

सांगून ठेवतो, हा विषाणू कपबशीतून येत नाही. ताटातून, तांब्यातून, टॉवेलातून, शिंकेतून, मिठीतून येत नाही. आईच्या दुधातूनही येत नाही. येतो तो दूषित सुईतून, न तपासलेल्या रक्तातून, दुसऱ्याच्या वस्तऱ्यातून, जत्रेत एकाच सुईने गोंदवून घेतल्यातून. माझे दाढीचे ब्लेड आणि दात घासायचा ब्रश वेगळे ठेवा, ते शास्त्राला धरून आहे. पण गंमत अशी, की भाऊजी स्वतः ज्या सलूनमध्ये चाळीस वर्षे दाढी करवतात तिथे "ब्लेड नवं घाल रे" असे म्हणायला त्यांना भीड वाटते. आणि बायकोच्या सख्ख्या भावाचा कप वेगळा ठेवायला वाटत नाही!

ताईवर मी रागावलो असतो. पण रागवायचा अधिकार मी पूर्वीच गमावून बसलो होतो.

आमच्या ऑफिसात, आमच्याच सेक्शनमध्ये अण्णा म्हणून एक हेडक्लार्क होते. २००६ साली त्यांना हाच रोग निघाला. तेव्हा औषध म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शने, आठवड्याला एक, अशी सहा महिने, काहींना वर्षभर. बरोबर रिबाव्हिरिनच्या गोळ्या. अण्णा शुक्रवारी संध्याकाळी पोटात सुई घेत, म्हणजे शनिवार-रविवार तापात फणफणून सोमवारी कामावर हजर होता यावे. केस विरळ झाले. रक्त कमी झाले. जिना चढताना मध्ये थांबू लागले. कधी नव्हे ते शिपायावर ओरडायचे आणि मग फायलीआड तोंड करून रडायचे. आम्हांला वाटे, माणूस तऱ्हेवाईक झाला. तो त्या औषधाचाच गुण होता हे मला पुढे तेरा वर्षांनी कळले. खर्चापायी गावाकडचा अर्धा एकर गेला. आणि इतके करून, औषध संपल्यावर काही महिन्यांनी विषाणू परत आला.

त्या दिवसांत आमच्या ऑफिसच्या माठाजवळ चार स्टीलचे पेले असत. त्यांतल्या एकाला लाल दोरा बांधून तो अण्णांचा म्हणून बाजूला काढला होता. दोरा मी बांधला होता. कुणाला ओळखण्यात चूक होऊ नये म्हणून दोन गाठी मारल्या होत्या. अण्णांनी तो पाहिला. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते घरून स्वतःची पाण्याची बाटली आणू लागले, आणि आम्ही मनात म्हटले, बरे झाले, समजूतदार माणूस आहे.

अण्णा २०१२ साली गेले. त्यानंतर वर्षभरातच, डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिर नावाच्या गोळीला परवानगी मिळाली. सुई नाही, ताप नाही. तोंडाने घ्यायची गोळी. तिच्या जोडीला दुसरी एक गोळी दिली की बारा आठवड्यांत शंभरातले पंच्याण्णवहून अधिक बरे. फक्त किंमत तेवढी ऐकताना खुर्चीत बसावे: बारा आठवड्यांचे ८४,००० डॉलर. म्हणजे दिवसाला एक गोळी आणि गोळीला एक हजार डॉलर, त्या वेळच्या भावाने साठ हजार रुपयांच्या वर! गोळी करायला खर्च एवढा येतो म्हणून नव्हे, तर मरणाऱ्याला घासाघीस करता येत नाही म्हणून. पुढे २०१४ साली त्या कंपनीने भारतीय कारखान्यांना परवाने दिले आणि मार्च २०१५ मध्ये आपल्याकडे तीच गोळी आली, अठ्ठावीस गोळ्यांची बाटली १९,९०० रुपयांना. पुढे स्पर्धेने भाव आणखी उतरत गेला. साठ हजारांची वस्तू सातशेला देता येते हे जगाला दाखवून देणाऱ्या आपल्या देशात, माणसे अजून माळा घालून बसतात!

माझे नशीब त्याहून थोर. २८ जुलै २०१८ रोजी आपल्या सरकारने राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी फुकट, औषध फुकट. (ती तारीख म्हणजे जागतिक हिपॅटायटिस दिन, बी विषाणूच्या शोधाबद्दल नोबेल मिळवणाऱ्या बारुक ब्लमबर्ग ह्यांचा जन्मदिवस.) सरकारी खात्यात पस्तीस वर्षे काढल्यामुळे सरकारी फुकटावर माझा विश्वास नव्हता. तरी मी सरकारी इस्पितळात गेलो. तिथे कुणी पुकारा केला नाही. एका बाईंनी शांतपणे कागद भरून घेतला, विषाणू किती आहेत ते मोजायला रक्त घेतले, यकृत कितपत घट्ट झाले आहे ते पाहिले आणि सांगितले, "वेळेवर आलात."

त्या रांगेत माझे डोळे उघडले, मोतीबिंदूसकट. पुढे एक मास्तरीणबाई होत्या, बाळंतपणात रक्त चढवलेल्या. मागे एक किडनीचा रोगी, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारा. त्याच्या मागे हातभर गोंदवलेला पोरगा. आणि एक मुलगा खाली मान घालून उभा होता. नशेच्या सुईने त्याने रोग ओढवून घेतला होता. भाऊजींचे तर्कशास्त्र त्या एकाला तेवढे लागू पडले असते. पण त्या बाईंनी त्यालाही तेवढ्याच शांतपणे तोच कागद भरायला दिला, तेव्हा वाटले, रोग कसा झाला ह्यावर माणसाची किंमत ठरवायची नाही एवढे जरी आपण शिकलो तरी निम्मे औषधोपचार झाले.

मला रोज दोन गोळ्या, सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर. चौऱ्याऐंशी दिवस. रोज सकाळी गोळी तळहातावर घेऊन मी मनात म्हणे, "हे एक हजार डॉलर," आणि पाण्याच्या घोटाबरोबर अमेरिकन अर्थव्यवस्था गिळून टाकी. थोडे डोके दुखे. थोडा थकवा येई, पण तो मला नोकरीत असल्यापासूनच आहे. बस्स, एवढेच. अण्णांचे सोमवार आठवले की चहा मात्र कडू लागे.

आमच्या हिचेही रक्त तपासायला सांगितले होते. ती महिनाभर टाळत होती. रोगाला भीत नव्हती, लॅबमध्ये शेजारच्या काकू भेटतील म्हणून भीत होती. शेवटी पहाटे साडेसहाला, डोक्यावरून पदर घेऊन, आम्ही दोघे चोरासारखे गेलो. तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. तो हातात घेऊन ती अंगणात बराच वेळ उभी होती.

औषध संपल्यावर बारा आठवडे थांबून पुन्हा तपासतात. माझा कागद आला: विषाणू आढळला नाही. त्याला वैद्यकात बरे झाले असेच म्हणतात. मी पेढे वाटले. ताईकडेही दिले. तिने पेढा तोंडात टाकला, डोळे पुसले आणि चहा केला. हिरव्या पानांच्या कपात.

नंतर आले २०२० साल आणि सगळा देशच पॉझिटिव्ह झाला. भाऊजींनाही करोना झाला. चौदा दिवस मागच्या खोलीत. ताट दाराबाहेर ठेवायचे, ताईने टाळी वाजवायची आणि मागे सरायचे. फोनवर मला म्हणत, "शालक, काय हे जिणं! घरात असून अस्पृश्य. माझा पेलासुद्धा वेगळा केलाय हो." मी म्हणालो, "भाऊजी, ओळखायला बरा पडतो." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटले, समजले. पण पंधराव्या दिवशी ते पांढऱ्या कपावर परत आले आणि मी हिरव्यावरच राहिलो. तोही फरक लक्षात घ्या: त्यांचा रोग खरोखर हवेतून येणारा, तरी चौदा दिवसांत माफ. माझा कपातून न येणारा, आणि गेलेला, तरी जन्मठेप.

२०२१ साली डावा डोळा पिकला. नवा दवाखाना, पुन्हा रक्त, पुन्हा पुकारा. "काका, सी पॉझिटिव्ह!" ह्याचे कारण असे, की पहिल्या तपासणीत विषाणू शोधत नाहीत, विषाणूशी लढलेल्या प्रतिपिंडांच्या खुणा शोधतात. त्या खुणा माणूस बरा झाला तरी बहुधा जन्मभर राहतात. चोर पकडला, शिक्षा झाली, घर मोकळे झाले, पण पंचनामा भिंतीला चिकटवलेला तसाच. ह्या वेळी मात्र मी कागद घेऊन गेलो होतो, आणि मोठ्या आवाजात, बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, "मुली, होता. आता नाही. आणि असता तरी तुला हत्यारं उकळावीच लागली असती!" बाकावरच्या एका आजींनी टाळी वाजवली. औषधामुळे त्यांना मी दिसत नव्हतो, पण ऐकू चांगले येत असावे.

आता मुद्द्यावर येतो, कारण हा लेख मी एका विशिष्ट वाचकासाठी लिहिला आहे. भाऊजी, तुम्ही छापलेले सगळे वाचता, पुडीचा कागदसुद्धा. म्हणून इथे लिहितो. १९९२ साली तुमचे अल्सरचे ऑपरेशन झाले, तेव्हा रात्री दोन वाजता रक्ताच्या बाटल्या आणायला सायकलवरून मीच धावलो होतो. तीन बाटल्या. त्या काळी ही तपासणी रक्ताला होत नव्हती, हे तुम्ही वर वाचलेच आहे. गेली पाच वर्षे मी सांगतो आहे, एकदा रक्त तपासून घ्या, आणि गेली पाच वर्षे तुम्ही म्हणता, "आम्ही कुठं पितो? आम्हांला काय धाड भरलीय?" धाड भरली आहे की नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही, एवढेच तर मी इतकी पाने सांगतो आहे. इजिप्तने २०१८-१९ मध्ये सात महिन्यांत जवळजवळ पाच कोटी माणसांचे रक्त तपासले, सापडलेल्यांना औषध दिले, आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेकडून शाबासकी मिळवली. पाच कोटी माणसे बोट पुढे करायला तयार झाली. तुम्ही एकटे तयार होत नाही.

भीती रोगाची नाही, हे मला कळते भाऊजी. भीती हिरव्या कपाची आहे. तो कप कसा असतो हे तुम्हांला चांगले ठाऊक आहे, कारण तो तुमच्याच फडताळात आहे. ज्या समाजात तपासणीचे बक्षीस म्हणून वेगळी कपबशी मिळते तिथे कोण शहाणा तपासायला जाईल? लाल दोरा बांधणारा माणूस फक्त अण्णांचा पेला वेगळा करीत नाही. तो बाकीच्या तीन पेल्यांतून पिणाऱ्यांना सांगत असतो, की बाबांनो, काही झाले असेल तर लपवा. मी तो दोरा बांधला होता, आणि त्या वेळी माझ्याही अंगात हा विषाणू तेवीस वर्षे मुक्काम करून होता. अण्णांच्या पेल्यापासून जपून, मी खुशाल इतरांच्या पेल्याने पाणी पीत होतो. कुणाला काही झाले नाही, कारण पेल्याने काही होतच नाही.

तेव्हा सोमवारी सकाळी साडेसहाला मी तुमच्या दाराशी येतो. शेजारी उठायच्या आत जाऊन येऊ. निगेटिव्ह आले तर पेढे तुमच्याकडून. पॉझिटिव्ह आले तर रांगेत मी तुमच्याबरोबर उभा राहीन. मला कागद कुठे भरायचा ते ठाऊक आहे. आणि परत आल्यावर ताईला चहा टाकायला सांगू. माझा हिरव्या कपातच दिला तरी चालेल, आता त्याचा कान माझ्या बोटाच्या सवयीचा झाला आहे. फक्त तुम्ही त्याच्यातला एक घोट घ्या.